हंस कमी, स्पीकर फार: एक फसलेलं 'स्वान लेक'

मध्यलय

'स्वान लेक' हा बॅले बघून आले. चिडचिड अजून गेलेली नाही, म्हणून हा धागा.

आधीच सांगते, कोणी पडलं नाही, कोणाचा पाय मुरगळला नाही, पडदा अडकला नाही. तसं काही झालं असतं तर मी लिहायला बसलेच नसते. जिवंत प्रयोगात चूक होणारच, तिच्यावर रागावण्यात अर्थ नाही. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. सगळं बिनबोभाट पार पडलं आणि अख्ख्या संध्याकाळीत काहीही घडलं नाही.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये. फिरती कंपनी आहे, जाहिरातीत 'भव्य' हा शब्द तीनदा आहे, एवढं पुरे.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यावर फळ्या टाकून तिथे जादा खुर्च्या मांडलेल्या. म्हणजे संगीत ध्वनिमुद्रित. जाहिरातीत याचा उल्लेख शोधून सापडणार नाही. ज्यांनी 'स्वान लेक' ऐकलंय त्यांना माहीत असेल, सुरुवातच एकट्या ओबोने (फुंकून वाजवायचं वाद्य) होते, पडदा उघडायच्या आधी. तो ओबो आमच्याकडे डाव्या बाजूच्या स्पीकरमधून खरखरत आला. उजवा स्पीकर बहुधा दुसऱ्या अंकात जागा झाला.

तरी आवाजाचा दर्जा मी सोडून देईन. खरा घोळ लयीचा आहे. दुसऱ्या अंकात ओडेट (शापाने हंसीण झालेली राजकन्या) आणि राजपुत्र सिगफ्रीड यांचा संथ पा द दु, म्हणजे जोडीचं नृत्य, येतो. आधी हार्प, मग एकटं व्हायोलिन, आणि पुढे चेलो त्याला येऊन मिळतो. संगीतकार चायकोव्स्कीने ही धून मुळात 'उंदीना' या ऑपेरातल्या सोप्रानो आणि टेनरच्या युगुलगीतासाठी लिहिली होती. तो ऑपेरा त्याने पुढे स्वतःच नष्ट केला आणि हा तुकडा इथे वापरला. म्हणजे हे दोन माणसांचं बोलणं आहे, एक थांबतं, दुसरं उत्तर देतं. आमच्या नर्तकीने एक अरबेस्क (एका पायावर तोल, दुसरा पाय मागे सरळ) धरला, आणि खरंच सुरेख धरला. पाठ, मान, बोटांची टोकं, सगळं एका रेषेत. ती अजून तोल सांभाळून उभी होती तेवढ्यात व्हायोलिन तिला तिथेच सोडून पुढे निघून गेलं. बिचारीने घाईघाईत पाय खाली टेकला आणि पुढची दोन मिनिटं ती संगीताच्या मागे धावत होती. समोर कंडक्टर असता तर तो अर्धा श्वास थांबला असता. त्या अर्ध्या श्वासासाठीच तर आपण जातो ना?

आता हंसिणी. बारा होत्या. मोठ्या निर्मितींमध्ये २४ असतात, कधी त्याहून जास्त. आकड्याचा हट्ट का, असं कोणी विचारेल. हा अंक नृत्यरचनाकार लेव्ह इवानोवने बसवला तो मुळी गर्दीचा विचार करून. हंसिणी एकामागून एक येतात, नागमोडी रांगेने मंच भरत जातात, आणि काही क्षणांनी आपल्याला चेहरे दिसेनासे होतात. नुसते पांढरे आकार. मग ओडेट त्यांच्यात लपते, राजपुत्र तिला शोधत रांगांमधून फिरतो. बारा जणींमध्ये मुकुट घातलेली एक बाई शोधायला जर राजपुत्राला इतका वेळ लागत असेल, तर प्रश्न शापाचा नाही, चष्म्याचा आहे.

आणि बारा तर बारा, पण त्या बारा जणींनी तरी एकत्र श्वास घ्यावा! हातांची उंची वेगळी, माना वेगळ्या, मागच्या कोपऱ्यातल्या दोघी प्रत्येक वेळी कणभर उशिरा. प्रत्येकजण आपापलं काम नीट करत होती. शेजारणीकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

चार छोट्या हंसिणींचं नृत्य मात्र झकास झालं, हे प्रामाणिकपणे लिहिते. हात एकमेकींत गुंतलेले, चार डोकी एकदम वळतात, पायांची ती टपटप. त्या दीडेक मिनिटात मंचावर चार माणसं एकमेकींचं ऐकत होती. म्हणजे जमतं यांना.

तिसऱ्या अंकात ओडील. नर्तकी तीच, आणि ते बरोबरच आहे, परंपरा तीच आहे. पण भोळी राजकन्या आणि तिच्याच रूपात आलेली फसवी बाई यांच्यात फरक कुठे होता? टुटुच्या, म्हणजे त्या पसरट झग्याच्या, रंगात. चेहऱ्यावर तेच मंद हसू, नजर तिथेच दुसऱ्या बाल्कनीच्या वर कुठेतरी. सिगफ्रीडकडे तिने बघितलंच नाही. त्यानेही नाही. तो तिला उचलायचा आणि प्रेक्षकांकडे बघायचा, सामान जागेवर ठेवलं की नाही हे दाखवत असल्यासारखा. मग फ्वेते (एका पायावरच्या सलग गिरक्या) आले, लोकांनी चौथ्या-पाचव्या गिरकीपासून टाळ्या धरल्या आणि ध्वनिमुद्रण ऐकू येईनासं झालं. ते एक बरं झालं.

विदूषक होता. भरपूर होता. तो मूळ प्रयोगात नाहीच, पुढे नृत्यरचनाकार गोर्स्कीने मॉस्कोत आणला, आणि तेव्हापासून कथेत जिथे जिथे काही घडायची भीती असते तिथे तो मध्ये उड्या मारतो.

चौथा अंक म्हणाल तर झाला असावा. चारी अंक दोन भागांत कोंबलेले, एकच मध्यंतर. शेवटी राजपुत्राने शाप देणाऱ्या जादूगाराचा, रॉथबार्टचा, एक पंख उपटला, रॉथबार्ट धुरात लोळला, ओडेट हसली, दिवे लागले. विश्वासघात, पश्चात्ताप, क्षमा, सगळं मिळून एखाद्या जाहिरातीएवढा वेळ.

आणि मग प्रेक्षक उभे राहिले. सगळे. मी बसून राहिले तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

तुम्हाला असा अनुभव आलाय का? की माझंच काहीतरी बिनसलंय?

---

कोरडा_पाऊस

चष्म्याचा प्रश्न! __/\__

जागा पकडून बसलोय.

---

टाचणी

लेख चुरचुरीत आहे, पण थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

तुम्ही घरी बसून जगातल्या सर्वोत्तम कंपन्यांची चित्रणं बघता. तीही निवडलेली, चार कॅमेऱ्यांची, क्लोजअपसकट. मग एका फिरत्या कंपनीला त्या मापाने मोजता. पूर्ण वाद्यवृंद म्हणजे पन्नास-साठ वादक. त्यांचा प्रवास, राहणं, तालमी. तो खर्च तिकिटात धरला तर तुम्ही म्हणाल बॅले श्रीमंतांचा झाला. ध्वनिमुद्रण नसेल तर बहुतेक गावांना बॅले दिसणारच नाही. काहीच नसण्यापेक्षा बारा हंसिणी बऱ्या.

आणि लोक उभे राहिले यात तुम्हाला का वाईट वाटावं? त्यांना आवडलं.

---

मध्यलय

@टाचणी, राग कशाला. पण दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकत्र करताय. पैसे नाहीत म्हणून वादक नाहीत, मान्य. तसं जाहिरातीत लिहा. "संगीत ध्वनिमुद्रित, नर्तक इतके, एक मध्यंतर, चौथा अंक संक्षिप्त." मी तरीही गेले असते कदाचित. 'भव्य' लिहून बारा जणी उभ्या करणं याला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरं, प्रेमाचा प्रसंग करणाऱ्या दोन नटांनी एकमेकांकडे बघावं, याला किती खर्च येतो?

---

निळी_शाई

मी वेगळंच लिहिणार आहे. मी असाच एक प्रयोग भाचीला घेऊन बघितला. तोच प्रकार, स्पीकर, छोटा मंच, मागे पडद्यावर प्रक्षेपित केलेलं तळं (आणि ते तळं मधूनच थिजायचं, कारण संगणक). भाची सात वर्षांची. ती पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून अख्खा वेळ उभी होती. घरी आल्यावर दाराच्या कडीला धरून पाय मागे. तिला हंसिणी किती होत्या विचारलं तर म्हणाली "शंभर".

तेव्हा 'काहीही घडलं नाही' हे तुमच्यापुरतं खरं असेल.

---

मध्यलय

@निळी_शाई, शंभर हे उत्तर फार आवडलं. तिच्याशी वाद घालायची माझी टाप नाही.

---

अनाहूत

प्रामाणिक प्रश्न. बॅले मुळातच कंटाळवाणा असू शकतो ही शक्यता कोणी विचारात घेतली आहे का? अडीच तास कोणी एक शब्द बोलत नाही. हलके घ्या.

---

कोरडा_पाऊस

@अनाहूत, अडीच तास कोणी बोलत नाही म्हणून तर काही लोक जातात.

---

फिरकी

गिरक्यांबद्दल लिहिणं भाग आहे, सदस्यनामाची लाज राखायला.

ते ३२ फ्वेते चायकोव्स्कीच्या डोक्यात नव्हतेच. 'स्वान लेक'चा पहिला प्रयोग १८७७ साली मॉस्कोत बोल्शॉय नाट्यगृहात झाला, रायझिंगरने बसवलेला, आणि तो फारसा गाजला नाही. आज आपण जे बघतो ते १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगावरून आलेलं. दरबाराचे अंक नृत्यरचनाकार पेतिपाने बसवलेले, तळ्याकाठचे इवानोवने. चायकोव्स्की १८९३ मध्येच गेला होता. संगीताची फेरमांडणी द्रिगो या संगीतकाराने केली. त्याने चायकोव्स्कीच्या पियानोच्या काही छोट्या रचनांना वाद्यवृंदाचा साज चढवून त्या मध्ये घातल्या. ओडीलचा प्रसिद्ध पा द दु आहे ना, त्याचं संगीत मूळ पहिल्या अंकातलं. ते उचलून तिसऱ्यात ठेवलं.

त्या प्रयोगात ओडेट-ओडील होती पिएरिना लेन्यानी, इटालियन. ३२ फ्वेते हा तिचा हुकमी एक्का. ते तिने १८९३ मध्ये 'सिंड्रेला'त रशियन प्रेक्षकांना दाखवले होतेच, इथे परत घातले. तेव्हापासून पुढच्या प्रत्येकीच्या गळ्यात ते लोढणं. गंमत म्हणजे बोल्शॉयची नर्तकी माया प्लिसेत्स्कायाने ते करायचं नाकारलं आणि त्या जागी मंचाभोवती वेगवान गिरक्यांचा फेर घेतला. तिला कोणी कमी ओडील म्हटलं नाही.

एका पायाच्या टोकावर, एकाच जागी, दुसऱ्या पायाच्या फटकाऱ्याने ३२ वेळा फिरायचं. डोकं शेवटपर्यंत समोर ठेवायचं आणि मग झटक्यात वळवायचं, नाहीतर भोवळ. कथकच्या चक्करांतही नजर अशीच बांधून ठेवतात. फरक एवढाच की तिथे तबलजी समोर बसलेला असतो, शेवटच्या चक्कराला तो नर्तकीला समेवर धरून आणतो. स्पीकर कोणाला धरून आणणार? मध्यलय यांचा मुद्दा मला तिथे शंभर टक्के पटतो.

अवांतर: ओडील काळ्या कपड्यांत असणं हेही जुनं नाही. लेन्यानी काळ्या वेशात नव्हती. तो रिवाज विसाव्या शतकात पडला. म्हणजे रंगावर अवलंबून न राहता फरक दाखवावा लागत असणार.

---

पडद्यामागे

फिरत्या कंपन्यांची प्रकाशयोजना आणि मंचाची मांडामांड बरीच वर्षं केली आहे. बॅले, नाटक, सगळंच. धाग्यात ज्या तक्रारी आहेत त्यांची काही कारणं प्रेक्षकातून दिसत नाहीत, ती लिहितो. समर्थन समजू नका.

जमीन. बॅलेला खाली उसळती लाकडी जमीन लागते. फळ्यांच्या खाली पोकळी किंवा गाद्यांसारखा थर असतो, उडी मारून उतरताना जमीन थोडी दबते आणि धक्का शोषते. वर व्हिनाइलची चटई, घसरू नये म्हणून. मोठ्या नाट्यगृहांत हे कायमचं असतं. फिरत्या कंपनीकडे चटईच्या गुंडाळ्या असतात, खालची जमीन जे नाट्यगृह देईल ती. कधी सरळ काँक्रीट, वर पातळ प्लायवूड. अशा मंचावर अनुभवी नर्तक उडी मुद्दाम लहान करतात. गुडघा आणि पोटरी त्यांचीच असते आणि उद्या दुसऱ्या गावी परत हेच करायचं असतं. तुम्हाला वाटतं जीव ओतत नाहीत. ते जीव वाचवत असतात.

बूट. पॉइंट शूजमध्ये (टोकावर उभं राहायचे बॅलेचे बूट) लाकूड नसतं, हा गैरसमज फार आहे. कापड, कागद आणि खळ यांचे थर असतात, ते वाळवून टोकाला कडक पेटी तयार होते, आणि तळव्याखाली एक ताठ पट्टी. पायाच्या घामाने आणि उष्णतेने ते मऊ पडत जातं. मुख्य नर्तकीचा एक जोड एका प्रयोगातच जाऊ शकतो, कधी अंकागणिक बदलावा लागतो. नवा जोड आला की त्या स्वतः फिती शिवतात, तळवा वाकवतात, टोक जमिनीवर किंवा भिंतीवर आपटून आपटून आवाज मारतात. पैशाची ओढ असली की जोड पुरवून पुरवून वापरायचा. मऊ झालेल्या बुटावर तोल धरून उभं राहणं म्हणजे काय ते विचारा एखादीला. तुमच्या नर्तकीने तो अरबेस्क कशावर धरला होता कोण जाणे.

बारा हंसिणी. पैसा हे कारण आहेच. पण विंगांची रुंदी बघा. टुटु घातलेली नर्तकी उभी राहायला जवळपास मीटरभर जागा खाते. चोवीस जणी धावत बाहेर आल्या तर छोट्या विंगेत त्या भिंतीवर आदळतील. मी हे होताना पाहिलंय. आणि त्या बारा जणीच मघाशी दरबारात होत्या, त्याच नंतर स्पॅनिश नाच आणि माझुर्का हा पोलिश नाच नाचतात, मग परत हंसिणी. मध्ये केस, बूट, कपडे. मागच्या कोपऱ्यातल्या ज्या दोघी उशिरा येत होत्या, त्यातली एखादी त्या दिवशी कुणाच्या तरी जागी उभी केलेली असू शकते. कोणी दुखावलं की जागा भरायला माणूस नसतो. मोठ्या कंपनीत प्रत्येक जागेला पर्यायी माणूस तालमीत तयार असतो.

ध्वनिमुद्रण. ते वाजवणारा माणूस दोन तुकड्यांमधली फट कमीजास्त करू शकतो. टाळ्या लांबल्या तर थांबतो. पण तुकडा एकदा सुरू झाला की तो कोणाचं ऐकत नाही. नर्तकांना हे माहीत असतं म्हणून ते तालमीतच धोका काढून टाकतात. तोल धरायचा तर मोजून दोन मात्रा, तीन नाही. तुम्ही पाहिलेल्या नर्तकीने तीन धरल्या. म्हणजे तिला त्या रात्री काहीतरी करायचं होतं.

---

मध्यलय

@पडद्यामागे, या प्रतिसादासाठीच धागा काढला असं समजा. दंडवत.

शेवटचं वाक्य वाचून थबकले. मी ते 'संगीत पुढे निघून गेलं' असं बघितलं. तुम्ही ते 'ती मागे थांबली' असं दाखवलंत. दोन्हींत गोष्ट तीच, पण आता माझा राग नेमका कोणावर आहे ते जास्त स्पष्ट झालं. कंपनीवर. नर्तकीला जिथे क्षणभर थांबायची मुभा नाही तिथे तिने भावना दाखवावी कुठून? ओडीलचा चेहरा कोरा राहिला त्याचंही उत्तर थोडंफार इथेच असावं. सगळं लक्ष स्पीकर गाठण्यात.

सिगफ्रीडला मात्र मी सोडणार नाही. त्याला बघायला कोणती उसळती जमीन लागत होती?

---

टाचणी

पडद्यामागे यांनी माझंच म्हणणं जास्त चांगलं मांडलं :) या परिस्थितीत ते जे करतात ते पराक्रमच आहे.

---

फिरकी

@टाचणी, पराक्रम आणि कला यात फरक करायचा की नाही? हाल सोसून केलेलं प्रत्येक काम चांगलं असतं असं नाही. तिकीट काढून आलेल्याने विंगेची रुंदी मोजून मग टाळ्या वाजवायच्या का?

---

टाचणी

मोजू नका. पण 'काहीही घडलं नाही' असंही लिहू नका. घडत होतं, तुम्हाला दिसत नव्हतं.

---

मध्यलय

दिसत नव्हतं म्हणजेच मंचावर घडत नव्हतं, टाचणी. प्रेक्षकाला दिसत नाही ते नाटक विंगेतलं.

---

वरची_बाल्कनी

मध्यलय, तुम्ही बसला होतात कुठे?

---

मध्यलय

तिसरी रांग. मधोमध.

---

वरची_बाल्कनी

मग अर्धं दुःख तिथलं आहे. पुढच्या रांगांतून पाय कापले जातात, घाम दिसतो, बुटांची खटखट ऐकू येते, आणि रांगा एकमेकींच्या मागे लपतात. इवानोवचा सगळा खेळ जमिनीवरच्या आकृत्यांचा: कर्ण, वर्तुळं, त्रिकोण, दोन बाजूंच्या भिंती. ते वरून दिसतं. मी कोर द बॅले (समूहात नाचणाऱ्या नर्तकी) असलेला कुठलाही बॅले वरूनच बघतो, आणि तिथली तिकिटं स्वस्तही असतात. 'ला बायादेर'मधला सावल्यांचा प्रवेश तर खालून बघणं म्हणजे शिक्षा. उतारावरून एकेक नर्तकी तोच अरबेस्क करत खाली येते, परत परत तेच, आणि मंच भरत जातो. खालून पहिल्या चार दिसतात. वरून सगळी नदी.

पुढच्या रांगा दोघांच्या गोष्टींसाठी. 'जिझेल'चा पहिला अंक, वेडाचा प्रसंग, तिथे चेहरा दिसायला हवा.

---

निळी_शाई

हे कोणी आधी का सांगत नाही! सगळ्यात महाग तिकीट सगळ्यात पुढचं, मग आपण समजतो तेच सगळ्यात चांगलं.

---

झाकली_मूठ

शेवटाबद्दल कोणी बोललं नाही. पंख उपटण्याचा सुखान्त हा त्या कंपनीचा शोध नाही. सोव्हिएत काळात तो रूढ झाला, सत्याचा विजय वगैरे. १८९५ मध्ये दोघं तळ्यात उडी घेतात, त्यांच्या त्यागाने जादूगाराची शक्ती संपते आणि शेवटी ते परलोकात एकत्र दिसतात. नृत्यरचनाकार ग्रिगोरोविचने १९६९ साली बोल्शॉयसाठी शोकान्त योजला होता, तो त्याला बदलायला लावला. २००१ मध्ये त्याने परत शोकान्त केला. तेव्हा या एका बॅलेचे शेवट किती, याचा हिशोब अवघड आहे.

आणि संगीतही दोन्हींकडे झुकतं. शेवटी हंसांची ती प्रसिद्ध धून पूर्ण ताकदीने येते, आणि मग सगळं बी मायनरमधून बी मेजरमध्ये उघडतं. कोणी त्याला विजय म्हणेल, कोणी मुक्ती.

ओडेटचं मूकाभिनयातलं बोलणंही त्याच काळात गेलं. जुन्या पद्धतीत ती राजपुत्राला हातांनी सांगते की हे तळं माझ्या आईच्या अश्रूंचं आहे, आणि जो कधी कोणाच्या प्रेमात पडला नाही असा कोणी शपथ घेईल तर शाप सुटेल. सोव्हिएत आवृत्त्यांनी ते काढून तिथे नाचच ठेवला. दिसायला सुंदर, पण मग पुढे शपथ मोडली म्हणजे नक्की काय मोडलं हे नव्या प्रेक्षकाला कळत नाही.

---

मध्यलय

@झाकली_मूठ, माझी तक्रार सुखान्ताबद्दल नाहीच. मला सुखान्त चालतो. पण त्याआधी ती त्याला क्षमा करते हे दिसायला वेळ द्या. चौथ्या अंकात हंसिणींची वाट बघणारी रांग असते, त्याचं धावत येणं असतं, वादळ असतं. आमच्याकडे तो आला आणि पंखाकडे वळला.

मूकाभिनय गेला याचं मलाही वाईट वाटतं. शेजारच्या काकूंनी मध्यंतरात मला विचारलं होतं, "तो कोणाशी लग्न करणार होता?" त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या हे लक्षात घ्या.

---

अनाहूत

मी विनोद करून गेलो होतो, परत येऊन सगळं वाचलं. कंटाळवाणा वाटत होता त्याचं कारण मी याच प्रकारचे दोन प्रयोग बघितले होते असं दिसतंय. पडलेल्या नर्तकीबद्दल काय म्हणणं आहे मंडळींचं? मी पाहिलेल्या एकात एक हंसीण आपटली होती आणि तोच एक क्षण मला आठवतो.

---

झाकली_मूठ

@अनाहूत, नृत्यरचनाकार बालांचिनचं 'सेरेनेड' शोधून बघा. अमेरिकेत गेल्यावर त्याने तिथे बसवलेला पहिला बॅले, १९३४, विद्यार्थिनींवर बसवलेला. तालमीत एक मुलगी पडली, एक उशिरा आली, त्याने दोन्ही गोष्टी तशाच नृत्यात ठेवल्या. संगीत चायकोव्स्कीचंच. कथा नाही, विदूषक नाही. आपटणारी हंसीण आवडली असेल तर हे नक्की आवडेल.

---

अनाहूत

विदूषक नाही हे वाचून निर्णय झाला.

---

निळी_शाई

एक व्यावहारिक प्रश्न. भाची परत 'हंस' म्हणून मागे लागली आहे. तिकीट काढण्याआधी काय तपासावं?

---

पडद्यामागे

वादक आहेत का, असा प्रश्न विचारू नका. "हो, लाइव्ह संगीत आहे" असं उत्तर येतं आणि प्रत्यक्षात सहा जण आणि एक कीबोर्ड. कंडक्टर आणि वाद्यवृंदाचं नाव विचारा. असेल तर ते जाहिरातीत ठळक असतं, कारण ते लपवायची गोष्ट नाही.

नर्तक किती ते विचारा. मध्यंतरं किती तेही. चार अंकांच्या 'स्वान लेक'ला सहसा दोन असतात, कारण तळं आणि दरबार यांची अदलाबदल करायची असते. एकच असेल तर काहीतरी कापलंय किंवा नेपथ्य म्हणजे नुसता पडदा.

त्या दिवशी कोण नाचणार हे जाहीर केलं आहे का ते बघा. ज्या कंपनीला आपल्या नर्तकांची नावं छापावीशी वाटत नाहीत, तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

मुलीला मात्र पहिल्यांदा कुठल्याही बॅले शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला न्या. तिथेही संगीत ध्वनिमुद्रितच असेल. पण मंचावरच्या सगळ्याजणी सारख्या शेजारणीकडे बघत असतात.

---

मध्यलय

बॅले शाळेचा कार्यक्रम! @निळी_शाई, तारीख कळली तर इथे टाका, मीही येते. सिगफ्रीड कोण आहे ते मात्र आधी विचारा.